ऊन अडवणारी काच

३ फेब्रुवारी

सूनबाई,

तुमचे साहेब पोचले. टेम्पोवाल्याने पिंजरा दुकानाच्या दारात ठेवला, कागदावर सही घेतली आणि पिंजरा आत घ्यायला हात लावशील का, असं मी विचारेपर्यंत पसार झाला. शेवटी समोरच्या शिंप्याला बोलावून दोघांनी मिळून ते प्रकरण मागच्या खोलीत नेलं. शिंपी तेव्हापासून दुकानात पाऊल टाकत नाही, बाहेरूनच बोलतो.

अंग हातभर, शेपूट त्याच्या दुप्पट, गळ्याखाली लोंबणारी पिशवी, आणि चेहरा असा की आपण अर्ज घेऊन आलोय आणि यांनी तो न वाचण्याचं आधीच ठरवलंय. नाव साहेब का ठेवलं ते पाच मिनिटांत कळलं. पाणी ठेवायला हात आत घातला तर शेपटीचा असा फटका दिला की मनगटावर वळ उठला. सरड्याचा मार खाल्लेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

तुझ्या नव्या खोलीची मालकीण प्राणी ठेवू देत नाही, म्हणून तू तो माझ्याकडे पाठवलास. नको असेल तर एका ओळखीच्यांना देते, असंही लिहिलंस. देऊ नकोस. आमचे चिरंजीव (हा शब्द आता कसा वापरायचा ते कळत नाही, पण दुसरा तोंडात बसत नाही) मला एकदा म्हणाले होते, हा मला ओळखतो. मी म्हटलं, सरडा माणसाला ओळखतो आणि तू बापाला ओळखत नाहीस. दुकान चालवायला घेणार नाही, असं त्याने त्याच आठवड्यात सांगितलं होतं, त्याचा राग होता. पुढे चार वर्षं तो दुकानाची पायरी चढला नाही.

शेवटचे दोन महिने इथे वर माडीवर अंथरुणावर होता तेव्हा मात्र रोज दुपारी मी त्याचा हात हातात घेऊन बसायचो आणि त्याने एकदाही काढून घेतला नाही. तू पाहिलंयस. त्या दोन महिन्यांवर मी उभा आहे, सूनबाई. भांडण मिटलं, असं धरून चाललोय. आता त्याचा हा प्राणी माझ्या हातावर आला, तर काही उरलंसुरलं असेल तेही मिटेल. म्हातारा चळला असं वाटलं तरी हसू नकोस. काय खायला घालायचं, कधी घालायचं, सगळं सविस्तर लिही. फोन करू नकोस, मला त्यात नुसती घरघर ऐकू येते.

बाबा


१६ फेब्रुवारी

बाबा, नमस्कार.

मनगटाला काही लावलंत का? फटका मारायच्या आधी तो गळ्याची पिशवी फुगवतो आणि अंग आडवं करून उभा राहतो. तेव्हा हात मागे घ्यायचा, एवढं लक्षात ठेवा.

खायला हिरवा पाला, बारीक चिरून. काकडी आणि द्राक्षं त्याला फार आवडतात, पण ती क्वचित. पिंजऱ्यावरची लांब पांढरी नळी रोज बारा तास चालू ठेवायची आणि दर सहा महिन्यांनी बदलायची. ती का लागते ते तुमचा मुलगा मला तासभर सांगायचा आणि मी अर्धंच ऐकायचे. संसारातलं माझं ऐकणं एकूणच अर्धं होतं, आता वाईट वाटून उपयोग नाही.

हातावर येण्याबद्दल लिहिलंत. ह्याला दोन वर्षं लागली. रोज संध्याकाळी पिंजऱ्याचं दार उघडून हात आत ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने पुस्तक वाचत बसायचा. साहेबाकडे बघायचं नाही, बोटही हलवायचं नाही. मी वैतागायचे, कारण त्या वेळी भाजी मी चिरायचे. दोन वर्षांनी एकदा तो आपण होऊन फांदीवरून उतरला आणि ह्याच्या हातावर चढून बसला. ह्याने मला हाक मारली तीसुद्धा कुजबुजत. म्हणून घाई करू नका.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. त्या दोन महिन्यांत दुपारचे तीन वाजत आले की हा दाराकडे बघायचा. बाबा आले का, असं विचारायचा. शेवटी त्याला हात तुमचाच हवा असायचा.

माझं काम ठीक. कवळ्या बनवायच्या कारखान्यात सतरा जण आहोत. दिवसभर लोकांचे जबडे हातात असतात, प्लास्टरचे. ते उलटून बोलत नाहीत, एवढं सुख.

तुमची सून


२० एप्रिल

सूनबाई,

उत्तराला उशीर झाला, कारण कामात होतो. काम साहेबांचंच.

तू ते तीन वाजताचं लिहिलंस ते पत्र मी पाकिटात घालून ठेवलंय.

तो तारेचा पिंजरा मला पहिल्या दिवसापासून खुपत होता. चाळीस वर्षं लोकांच्या तसबिरींना चौकटी केल्या आणि मुलाचा प्राणी कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवायचा, हे काही पटेना. म्हणून सागवानी कपाट केलं. माझ्याएवढं उंच, तीन बाजूंना काच, आत दोन जाड फांद्या. सांधे असे बसलेत की नख जाणार नाही. हिरकणीने काच कापताना हात अजून थरथरत नाही, हे तुला मुद्दाम कळवतो.

वरची नळी त्याच्या डोक्यावर उघडीच असायची. आमच्या धंद्यात पहिला धडा हाच, की उजेड रंग खातो. बाहेरच्या भिंतीवरचं माझ्या आईचं चित्र उन्हाने कसं फिकं पडलंय ते तू पाहिलंयस. साहेबाचा हिरवा रंग अस्सल आहे, तो उडू नये म्हणून नळी आणि त्याच्यामध्ये भारीतली काच बसवली. जुनी मोलाची चित्रं येतात त्यांना आम्ही हीच लावतो. तिच्यातून ऊन येतं, उन्हाचं विष येत नाही. दुकानात त्या काचेचं एकच मोठं पान शिल्लक होतं, ते त्याला दिलं.

रोज दुकान बंद केल्यावर हात आत ठेवून बसतो. वाचायला काही नसतं, म्हणून मापांची वही वाचतो. अजून शेपटीने मारतो. मागच्या आठवड्यात चावला, टाका नाही पडला. चिरंजिवांचा चिवटपणा कुठून आला होता ते तुला कळलं असेल.

बाबा


१२ मे

बाबा,

कपाटाचं वर्णन कारखान्यातल्या एका बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, असं घर मला मिळालं तर मीही पाला खाऊन राहीन. ह्याने ते पाहिलं असतं तर सांध्यांवरून नख फिरवून बघितलं असतं. तोंडाने काही बोलला नसता, पण दहा वेळा फिरवलं असतं.

चावला की जखम साबणाने धूत जा. मला सुट्टी मिळत नाही. खरं सांगायचं तर मी मागतही नाही. त्या घराच्या जिन्यावर पाय ठेवायची अजून हिंमत होत नाही, तेव्हा रागावू नका.

तुमची सून


८ जुलै

सूनबाई,

बस आधी, मग वाच.

साहेब हातावर आले. काल संध्याकाळी हात आत ठेवून बसलो होतो. तो फांदीवरून उतरला, जरा धडपडतच, खाली आल्यावर थोडा थांबला आणि माझ्या तळहातावर हनुवटी टेकली. मग पुढचे दोन्ही पाय ठेवले. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. अर्धा तास तसाच पडून राहिला आणि शेवटी डोळे मिटले. ज्याच्या तोंडापुढे मी पाच महिने जीव मुठीत धरून बसलो, तो माझ्या हातावर डोळे मिटतो म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

तुझ्या नवऱ्याला दोन वर्षं लागली, मला पाच महिने. बढाई मारत नाही, नुसतं कळवतो.

आता फटका नाही, चावणं नाही, पिशवी फुगवणं नाही. वर चढायची हौसही कमी झालीय, बहुतेक खालीच माझी वाट बघत बसलेला असतो. मांड्या चांगल्या भरल्यात, पैलवानासारख्या. मी जवळ गेलो की पायाची बोटं बारीक बारीक थरथरवतो. कुत्रं शेपूट हलवतं तसंच हे असणार. पाला चावायचा कंटाळा करतो, म्हणून काकडी किसून आणि द्राक्षं सोलून भरवतो. लाडावलाय. आणि अलीकडे त्याचं तोंड जरासं उघडं राहतं, हसल्यासारखं. तो चेहरा हसू शकतो असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तुझी सासू गेली तेव्हापासून ह्या घरात मला पाहून कोणी थांबलं नव्हतं. चिरंजीव शेवटी शेवटी थांबले, आणि आता हा.

बाबा


३० जुलै

बाबा,

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि सुट्टी संपल्यावरही हातात धरून बसले. तुम्हाला एवढं आनंदात मी कधी पाहिलेलं नाही, वाचलेलं तर नाहीच. अभिनंदन. ह्याला हेवा वाटला असता.

एक सहज सुचलं म्हणून लिहिते. तिथे जनावरांचे डॉक्टर असतील तर एकदा साहेबाला दाखवून आणाल का? काही विशेष नाही. वर्षातून एकदा हा न्यायचा, म्हणून. जमलं तरच, उगीच धावपळ करू नका.

तुमची सून


२५ ऑगस्ट

सूनबाई,

डॉक्टरची गरज नाही. धडधाकट माणसाला डॉक्टरकडे नेलं की आजार घेऊनच परत येतो, हे आपल्या घराने एकदा पाहिलंय.

साहेब मजेत आहेत. आता मी त्याला उचलून छातीवर ठेवतो, तो हलत नाही. दुकानातही नेतो. गिऱ्हाइकं चौकटी सोडून त्यालाच बघत बसतात. एका बाईंनी विचारलं, एवढा शांत कसा हो? मी म्हटलं, विश्वास. शिंपीसुद्धा परवा आत आला आणि एका बोटाने त्याच्या पाठीला हात लावून गेला.

हे प्राणी माणसाला जीव लावतात की नाही, यावर चिरंजिवांशी मी किती वाद घातला. थंड रक्ताचे प्राणी, त्यांना कसली माया, असं म्हणायचो. आज तो समोर असता तर सरळ म्हटलं असतं, बाबा रे, तू जिंकलास. आता साहेबालाच सांगतो. तो ऐकून घेतो, मध्ये बोलत नाही.

पालाही आता वाटून द्यावा लागतो. जिवणी एका बाजूला जरा कललीय. वय होत असेल त्याचंही.

बाबा


२ सप्टेंबर

बाबा,

हे पत्र वाचून लगेच उठा आणि साहेबाला डॉक्टरकडे न्या. आजच.

जिवणी कललीय हे वाचलं आणि मी कामावरून निघाले. माझा दिवस जबड्यांत जातो. तोंड उघडं राहतं ते हसू नसतं, जबडा मिटत नाही म्हणून ते उघडं राहतं. इथल्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन तुमची एप्रिलपासूनची तिन्ही पत्रं डॉक्टरांना वाचून दाखवली. त्यांनी मला मध्येच थांबवून विचारलं, दिवा आणि प्राणी यांच्यामध्ये काय आहे?

तुमची काच आहे, बाबा. त्या नळीच्या उजेडात एक भाग असतो, जो अंगावर पडला तरच ह्या प्राण्यांची हाडं बळ धरतात. तो साध्या काचेतूनही नीट जात नाही, तुमच्या काचेने तर तो पूर्ण अडवला. ह्याने तारेचं छप्पर ठेवलं होतं ते त्यासाठी. तेच तो मला तासभर सांगायचा आणि मी ऐकायचे नाही. हाडं मऊ पडली की मांड्या सुजतात आणि भरल्यासारख्या दिसतात. बोटं थरथरतात. वर चढता येत नाही, चावता येत नाही. तो तुमची वाट बघत खाली बसत नव्हता, त्याला वर जाता येत नव्हतं.

हे मी कोणत्या शब्दांत लिहायला हवं होतं ते मला कळत नाही. काच आधी काढा. पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून मी दुकानात फोन केला होता. तुम्ही तीनदा हॅलो म्हणालात आणि ठेवून दिलात. शिंप्याचा नंबर माझ्याकडे नाही.

तुमची सून


१० ऑक्टोबर

सूनबाई,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी काच काढली. ती काढायला दोन मिनिटं लागली. बसवायला मी अख्खा दिवस घेतला होता.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. हाडांचा फोटो काढला. मला दाखवून म्हणाल्या, इथे पांढरं दिसायला हवं होतं. काही दिसत नव्हतं, धुरासारखं नुसतं. जबडा बोटाने दाबला तर वाकतो. रोज एक इंजेक्शन, तोंडात पिचकारीने औषध, उघड्या नळीखाली बारा तास. वाचेल म्हणाल्या, पण जबडा वाकडाच राहील. मी विचारलं, एवढं दुखत होतं तर त्याने सांगितलं का नाही? तो जुलैपासून सांगतच होता, असं त्या म्हणाल्या. आवाज चढवून नाही म्हणाल्या, त्यामुळे जास्त लागलं.

चाळीस वर्षं जे अडवायला शिकलो, नेमकं त्याच्यावर हा जगतो. एवढी चांगली काच माझ्याकडे नसती तर हा इतका आजारी पडला नसता. साध्या हाताच्या माणसाने त्याला तारेच्या पिंजऱ्यातच ठेवला असता.

छातीवर घेत नाही आता. हाडं मोडतील.

बाबा


२१ ऑक्टोबर

बाबा,

तो वाचेल एवढं वाचून मी रडले.

मलाही एक कबूल करायचंय. जुलैतलं तुमचं पत्र वाचलं तेव्हाच मला शंका आली होती. ते उघडं तोंड मला खटकलं होतं. पण तुम्ही इतके आनंदात होतात, की मी मूग गिळून बसले आणि 'सहज दाखवा' असं लिहिलं. गोड राहण्याच्या नादात पाच आठवडे घालवले. त्यातलं एकेका दिवसाचं दुखणं माझ्या नावावर आहे. इथून पुढे मी तुम्हाला काही लपवून लिहिणार नाही.

तुमची सून


६ डिसेंबर

सूनबाई,

साहेब सुधारले. हाडांच्या नव्या फोटोत पांढरं दिसतं. वरच्या फांदीपर्यंत चढतो. वाटलेला पाला सोडून चिरलेला खातो, एका बाजूने.

आणि अंगात जोर आला तसा तो मला जवळ येऊ देईना. नोव्हेंबरच्या मध्यात मी हात आत ठेवला तर तो मागे सरकला. चार दिवसांनी पिशवी फुगवली. मग शेपटीचा फटका, पहिल्या दिवसासारखाच, त्याच मनगटावर. आता मी खोलीत आलो की वरच्या कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसतो. इंजेक्शनं मीच देत होतो, म्हणून माझ्यावर राग असेल असं वाटलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते थोडंफार असेल, पण तुमच्या हातावर हा मुळात कधी आला नव्हता. हे प्राणी माणसाला ओळखतात, सवयीने त्यांची भीतीही जाते, तुमच्या मुलाच्या बाबतीत तसं झालं असेल. तुमच्याकडे तो दुखणाईत होता. दुखणाईत प्राण्याला पळता येत नाही, म्हणून तो कोणालाही हात लावू देतो.

तू लपवणार नाहीस म्हणालीस, तर मीही लपवत नाही. ऐकून घे. त्या नंतरच्या आठवड्यात मी काच परत बसवली. नऊ दिवस ठेवली. नऊ दिवसांत तो आजारी पडत नाही हे मला ठाऊक होतं आणि पडला तर काय होईल हेही ठाऊक होतं. रोज समोर बसून त्याचे पाय थरथरतात का ते पाहायचो. दहाव्या दिवशी माझीच मला शिसारी आली, तेव्हा काच काढली, मागच्या अंगणात नेली आणि फोडली. हे डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं नाही. तुला सांगितलं.

आता जे विचारतोय त्याच्यासाठी हे सगळं लिहिलं. दवाखान्यातून येऊन दुकानात बसलो तेव्हापासून मला सरडा दिसत नाही, दुसरंच दिसतं. रोज दुपारी मी ज्याचा हात धरून बसायचो तो दुखणाईत होता. चार वर्षं धडधाकट होता तेव्हा तो माझ्या सावलीला उभा राहिला नाही. तू लिहिलं होतंस, तीन वाजले की दाराकडे बघायचा, हात माझाच हवा असायचा. ते पत्र माझ्यासमोर आहे. तू तिथे होतीस. खरं काय ते लिही. जुलैतल्यासारखं लिहू नकोस.

बाबा


२० डिसेंबर

बाबा,

आठवडाभर हे पत्र लिहितेय. काही लिहू नये असंही वाटलं. पण मग तुम्ही माझ्या गप्प बसण्यावरूनच सगळं लावाल, आणि कदाचित त्याहून वाईट लावाल.

तो दाराकडे बघायचा हे खरं आहे. बाबा येणार का, असं विचारायचा हेही खरं. तुम्ही यायच्या आधी मला कुशीवर वळव, भिंतीकडे तोंड करून ठेव, असं तो म्हणायचा. मला एकटीला ते जमायचं नाही. आणि जमलं असतं तरी मी केलं नसतं, कारण तुम्ही तेवढा वेळ बसायचात तेव्हा मला आंघोळ करता यायची, दोन घास खाता यायचे. माझाही स्वार्थ होता.

एकदा तुम्ही गेल्यावर मी त्याला म्हटलं, बाबांनी इतका वेळ हात धरला, बरं वाटलं ना? तो म्हणाला, "हात काढून घ्यायलाही जोर लागतो."

एवढंच म्हणाला. पुढे तुमच्याबद्दल काही बोलला नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. त्याला आणखी दिवस मिळाले असते तर निवळला असता, असं लिहिण्याचा मोह होतोय. ते मला ठाऊक नाही, म्हणून लिहीत नाही.

फेब्रुवारीत मी खोटं लिहिलं. तुम्ही त्या दोन महिन्यांवर उभे आहात असं कळवलंत, आणि मी पायाखालची फळी काढू शकले नाही. तेव्हाच काढायला हवी होती, की कधीच नको होती, हे मला आजही कळत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. मला माफ करा, असं म्हणायचीही लाज वाटते.

तुमची सून


१७ जानेवारी

सूनबाई,

पत्र मिळालं. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत उघडलं नाही.

खरं लिहिलंस ते बरं केलंस, असं लिहायला बसलो होतो. तीन कागद फाडले. ते वाक्य माझ्याच्याने होत नाही. तुझ्यावर राग नाही, एवढं मात्र खरं आहे. तू दहा वर्षं मला बाबा म्हणतेस. ते का म्हणतेस, हे मी तुला विचारणार नाही. मला आता कोणालाच काही विचारायचं नाही.

ह्या पत्राला उत्तर लिहायलाच हवं असं नाही.

साहेब वजनाने वाढले. डॉक्टरीणबाई म्हणतात, नीट सांभाळलं तर अजून दहा-बारा वर्षं जगेल, म्हणजे माझ्यामागेही राहील. त्यांच्याकडे नाव लिहून ठेवलंय, मी गेल्यावर त्या घेऊन जातील. हात आत ठेवणं बंद केलंय. सकाळी पाला ठेवतो, पाणी बदलतो, नळी लावतो आणि बाहेर येतो. मी बाहेर गेलो की तो फांदीवरून उतरतो आणि खातो. हे मी दाराच्या फटीतून पाहायचो. फटीतून पाहिलेलंही त्याला कळतं आणि तो खाणं अर्धवट टाकतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणून सोमवारपासून तेही बंद केलं. आता दार पूर्ण लावून घेतो आणि तासाभराने जाऊन ताटली उचलतो. ताटली रिकामी असते.

बाबा